स्टीरिओला सबवूफर जोडावा की नाही: निर्णयापूर्वी करायची तपासणी

परभणीतील माझ्या एका स्नेह्यांनी मोठ्या हौसेने स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि पाच इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा पडदा, असलेल्या स्पीकरची जोडी घेतली. महिन्याभरात त्यांचा फोन आला की आवाज स्वच्छ आहे, पण गाण्याला बूड नाही. दुकानदार सबवूफर घ्या म्हणतो, तर घेऊ का? मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा बारा बाय दहाच्या खोलीत सोफा बरोबर मधोमध होता, कारण मागच्या भिंतीशी धान्याची कोठी उभी होती. आम्ही दोघांनी कोठी कोपऱ्यात सरकवली, सोफा दोन फूट मागे घेतला आणि तेच गाणे पुन्हा लावले. ज्या खर्जाची त्यांना उणीव भासत होती, तो बराचसा त्या खोलीतच होता. फक्त त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचत नव्हता.

सबवूफर ही वाईट वस्तू आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझ्या स्वतःच्या घरी तो आहे आणि मला तो फार प्रिय आहे. परंतु नव्याने या छंदात आलेल्या माणसाला तो पहिला उपाय म्हणून सुचवला जातो, आणि खरे तर तो बऱ्याच तपासण्यांनंतरचा उपाय आहे. पुढच्या पायऱ्या क्रमाने केल्या, तर बहुतेकांना एक-दोन रविवारांत स्वतःचे उत्तर मिळेल, आणि प्रत्यक्ष खरेदी सोडली तर कुठेही फारसे पैसे खर्च करावे लागणार नाहीत.

पहिली पायरी: सबवूफर नेमके काय करतो ते समजून घ्या

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने. सबवूफर हा या पट्ट्याच्या अगदी तळाशी, म्हणजे साधारणपणे २० ते ८० किंवा फार तर १०० हर्ट्झपर्यंत काम करणारा स्वतंत्र स्पीकर असतो. बहुतेक सबवूफरमध्ये स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आणि वरचे सूर अडवणारा फिल्टर बसवलेला असतो. गाणाऱ्याचा गळा, बासरी, सारंगी, हार्मोनियम यांचा जवळजवळ सगळा आवाज या पट्ट्याच्या वर असतो. म्हणून तुमची तक्रार शब्द नीट कळत नाहीत, तार सप्तकात आवाज टोचतो किंवा सगळे गाणे डब्यातून आल्यासारखे वाटते अशी असेल, तर सबवूफर तिथे काहीही करू शकणार नाही, उलट तो चुकीचा लावला तर शब्द अधिकच झाकले जातील.

एवढ्याशा पट्ट्यासाठी वेगळी पेटी का लागते, याचे कारण हवेत आहे. सूर एक सप्तक खाली उतरवायचा आणि तरी तेवढ्याच मोठ्याने ऐकवायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. जो पाच इंची पडदा ८० हर्ट्झला आरामात वाजतो, त्याला ४० हर्ट्झला चौपट आणि २० हर्ट्झला सोळापट हवा ढकलावी लागेल, आणि तेवढी जागा त्याच्यात नसते. भजनाला बसताना पखवाजी डाव्या तोंडाला ओली कणीक थापतो ते आपल्याकडे सर्वांनी पाहिलेले असते. कणकेने चामड्याचे वजन वाढते, चामडे सावकाश कंप पावते आणि नाद खाली उतरतो. मोठा आणि जड पडदा घेऊन सबवूफर बनवणारे लोक याच तत्त्वाने काम करतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बाजारात ‘होम थिएटर’ नावाने मिळणाऱ्या पेट्यांच्या संचात दोन मुठीएवढे स्पीकर आणि एक ‘वूफर’ असतो. त्या मुठीएवढ्या स्पीकरांना खालचे काहीच वाजवता येत नसल्यामुळे त्या वूफरला दीडशे-दोनशे हर्ट्झपर्यंतचे ओझे वाहावे लागते, आणि म्हणून त्यातून पुरुषी आवाजसुद्धा घुमत येतो. असा संच ऐकून सबवूफरविषयी बरे-वाईट मत बनवू नये. त्या खोक्यांवर छापलेले ‘पीएमपीओ’ वॅटचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचे, हजारांतले आकडेही विचारात घेऊ नयेत. तुलनेसाठी ‘आरएमएस’ वॅट, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, पाहावेत.

दुसरी पायरी: तुमची गाणी किती खाली उतरतात ते पाहा

एका कागदावर तुम्ही खरोखर वारंवार ऐकता अशी दहा गाणी किंवा ध्वनिमुद्रणे लिहा. पाहुण्यांना ऐकवण्यासाठी राखून ठेवलेली गाणी त्यात नकोत. मग प्रत्येकात सर्वांत खालचा सूर कोणते वाद्य देते याचा विचार करा.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागते. तबल्याचा डग्गा शंभर हर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्या थोडा खाली बोलतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील कीर्तन असो, आषाढी-कार्तिकीचे अभंग असोत किंवा रात्रभर चाललेली शास्त्रीय बैठक असो, या संगीताचा तळ साधारण ६० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान असतो. बरे पाच किंवा साडेसहा इंची स्पीकर तिथपर्यंत पोचतात. गोंधळातले संबळ, हलगी आणि ढोलकी यांची मजा तर त्यांच्या थापेच्या धारेत असते, आणि ती धार शेकडो-हजारो हर्ट्झच्या भागात असते.

याउलट चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला आणि पाच तारांच्या गिटारची सुमारे ३१ हर्ट्झला वाजते. पियानोची सर्वांत डावीकडची पट्टी २७.५ हर्ट्झची असते. आजच्या चित्रपटगीतांत आणि इलेक्ट्रॉनिक संगीतात संगणकावर तयार केलेला बेस तर ३५-४० हर्ट्झपर्यंत सहज उतरतो. चित्रपटाच्या ध्वनीमध्ये खोल आवाजांसाठी वेगळी वाहिनीच ठेवलेली असते, आणि पाच-पॉइंट-एक या नावातला ‘पॉइंट एक’ तो हाच. दोन वाहिन्यांच्या स्टीरिओ संगीतात अशी वेगळी वाहिनी नसते. तिथे जो खर्ज आहे तो डाव्या-उजव्या वाहिन्यांतच आहे.

जुन्या ध्वनिमुद्रणांच्या शौकिनांसाठी थोडे वेगळे सांगायचे आहे. मायक्रोफोन आणि विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमारास सुरू झाले. त्यापूर्वी भोंग्यासमोर गाऊन केलेल्या तबकड्यांत खर्ज जवळजवळ उमटतच नसे. त्यानंतरच्याही ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत तळाशी संगीतापेक्षा यंत्राची घरघरच जास्त असते. जुनी नाट्यगीते आणि भावगीते हेच तुमचे मुख्य ऐकणे असेल, तर सबवूफर तुम्हाला ती घरघर तेवढी मोठी करून देईल.

दहापैकी सात-आठ गाणी ६० हर्ट्झच्या वरच राहत असतील, तर तुमचे उत्तर जवळजवळ मिळाले आहे. निम्म्याहून अधिक गाणी खाली उतरत असतील, तरच पुढची पायरी मनापासून करा.

तिसरी पायरी: हातातले स्पीकर कुठवर पोचतात ते तपासा

स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘५५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असा पल्ला दिलेला असतो. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप. त्या पल्ल्यापुढे ‘उणे-अधिक ३ डेसिबल’ असे लिहिले असेल, म्हणजे पातळी तेवढीच वरखाली होत असेल, तर त्या आकड्याला अर्थ आहे. ‘उणे १० डेसिबल’ असे असेल तर त्या सुरापर्यंत पोचताना आवाज ऐकणाऱ्याला जवळपास निम्मा झालेला वाटतो. आणि काहीच लिहिले नसेल तर तो आकडा सोडून द्या आणि कानांनी तपासा.

त्यासाठी फोनवर सूर निर्माण करणारे कोणतेही मोफत अ‍ॅप घ्या आणि ते तारेने अ‍ॅम्प्लिफायरला जोडा. आवाज बेताचा ठेवून १००, ८०, ६०, ५०, ४० आणि ३० हर्ट्झचे सूर एकेक करून वाजवा. खालच्या सुरांना आवाज कमी वाटला म्हणून नॉब वाढवत जाऊ नका. लहान वूफरचा पडदा अशा वेळी मर्यादेबाहेर हलून कायमचा बिघडू शकतो. प्रत्येक सुराला स्पीकरच्या पडद्यावर नजर ठेवा. ४० हर्ट्झला पडदा दिसेल एवढा मागे-पुढे धडपडतो आहे आणि कानाला मात्र ८० हर्ट्झसारखा सूर येतो आहे असे झाले, तर तो स्पीकर खोटा खर्ज देतो आहे; मूळ सूर झेपत नसल्याने त्याच्या दुप्पट कंपनांचा सूर त्यातून निघतो आहे. नवख्या माणसाला हे ओळखणे कठीण जाते. त्यासाठी आधी मुद्दाम ८० ऐका, मग ४० ऐका. दोन्ही जवळजवळ सारखे वाटले तर निष्कर्ष काढता येतो.

तुम्ही किती मोठ्याने ऐकता हेही येथेच पाहिले पाहिजे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज लहान केला की आपल्या कानाला खर्ज मधल्या सुरांपेक्षा फार वेगाने कमी ऐकू येतो. मुले झोपल्यावर हलक्या आवाजात ऐकणाऱ्याला बेस कमी वाटतो तो बऱ्याच अंशी कानाच्या या स्वभावामुळे. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचे ‘लाउडनेस’ बटण यासाठीच असे. ते असेल तर वापरा, नसेल तर बेसचा नॉब दोन खुणा वाढवा. शुद्धतेच्या हट्टापायी नॉबला हात न लावणारे लोक मला ठाऊक आहेत, पण हलक्या आवाजात ऐकताना तो वाढवण्यात काहीही गैर नाही.

आपल्याकडचा आणखी एक मुद्दा कूलरचा. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या घरात गेला की खिडकीतला कूलर संध्याकाळभर चालू असतो, आणि त्याच्या पंख्याच्या घरघरीत खर्जाचे बारकावे बुडून जातात. त्या दिवसांत बेस कमी वाटला म्हणून खरेदी करू नये. कूलर बंद करून, पहाटे किंवा रात्री उशिरा, पंधरा मिनिटे घाम गाळून ऐका आणि मग ठरवा.

चौथी पायरी: खोली आणि बैठक

ही पायरी सर्वांत मोठी आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची.

४० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे अठ्ठावीस फूट असते. आपल्या खोल्या दहा, बारा, फार तर अठरा फुटांच्या. म्हणजे लाट खोलीपेक्षा मोठी असते, ती भिंतींवर आदळून परत येते, आणि काही ठराविक सुरांना खोलीत एका जागी ती स्वतःशी मिळून दुप्पट होते तर दुसऱ्या जागी स्वतःला खोडून टाकते. तुमच्या खोलीचा पहिला असा सूर काढायला सोपा हिशोब आहे: ५६५ला खोलीच्या फुटांतल्या लांबीने भागा. बारा फुटांना ४७ हर्ट्झ, दहा फुटांना साधारण ५६, पंधरा फुटांना साधारण ३८. मग रुंदी आणि उंचीसाठी तोच हिशोब करा.

या सुराला भिंतीलगत आवाज सर्वांत मोठा आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वांत लहान असतो. परभणीच्या स्नेह्यांचा सोफा नेमका तिथे होता. बारा फुटांच्या खोलीत सहाव्या फुटावर बसल्यामुळे ४७ हर्ट्झच्या आसपासचे सगळे त्यांच्यापुरते पुसले जात होते. सबवूफर आणून तो खोलीच्या लांबीच्या एका टोकाला ठेवला असता, तरी त्या खुर्चीवर ती पोकळी तशीच राहिली असती. मागची भिंत गाठून बसणाऱ्याची तक्रार उलटी असते: त्याला एकच सूर सतत घुमत ऐकू येतो आणि तो म्हणतो की बेस ‘जड’ आहे. सुरुवातीला बैठक समोरच्या किंवा मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर धरा, म्हणजे बारा फुटांच्या खोलीत साडेचार फुटांवर, आणि तिथून अर्ध्या-अर्ध्या फुटाने पुढे-मागे सरकून पाहा.

दहा बाय दहा आणि उंचीही दहा फूट, अशी खोली खर्जासाठी सर्वांत त्रासाची. तिन्ही दिशांचा हिशोब एकाच ५६ हर्ट्झवर येतो आणि तो सूर प्रत्येक गाण्यात मध्येच डोके वर काढतो. अशा खोलीत सबवूफर नेल्यास त्रास वाढण्याची शक्यता जास्त असते. शक्य असेल तर स्टीरिओ दुसऱ्या खोलीत हलवावा, अगदी ओसरीला लागून असलेल्या लांबट खोलीत हलवला तरी फरक पडतो.

स्पीकर भिंतीपासून किती अंतरावर आहेत तेही मोजा. स्पीकर मागच्या भिंतीपासून तीन फुटांवर असेल तर भिंतीवरून परतणारी लाट ९४ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खोडते. तो भिंतीजवळ नेला तर खर्ज भरतो, फार जवळ नेला तर गाणे जाड होते. एका संध्याकाळी दोघांनी मिळून स्पीकर तीन-तीन बोटांनी सरकवत ऐकणे हा सबवूफरपेक्षा स्वस्त प्रयोग आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी लोक करतात याचे मला वाईट वाटते.

घराचे बांधकाम हा पुढचा भाग. आपल्या खेड्यांतली जुनी माळवदाची घरे, दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंतींची, खर्ज बाहेर सहज जाऊ देत नाहीत. आत मात्र लाकूड आणि मातीचे छत असल्यामुळे आवाज स्लॅबच्या खोलीइतका कोरडा आदळत नाही. मला स्वतःला या घरांतला आवाज फार आवडतो. स्लॅबची पक्की खोली खर्जाला जशीच्या तशी परत फेकते, आणि शहाबादी फरशीवर वरचे सूरही टणटणीत होतात. पत्र्याच्या छताखाली खर्ज वरून निसटून जातो आणि जाता जाता पत्राही वाजतो. सतरंजी, गोधडी, जाड पडदे यांनी वरचे सूर मऊ होतात, खर्जावर मात्र त्यांचा काहीही परिणाम होत नाही, कारण साडेआठ मीटरच्या लाटेला दोन बोटे जाडीचे कापड जाणवतच नाही. कोपऱ्यात छतापर्यंत रचलेली कापसाच्या गाद्यांची चवड असेल तर थोडाफार फरक पडू शकतो.

शेवटी घरात काय काय वाजते ते शोधा. ४० ते ६० हर्ट्झचे सूर सावकाश फिरवत खोलीतून आणि लगतच्या स्वयंपाकघरातून एक चक्कर मारा. एका घरी मला बावन्नच्या आसपास मांडणीवरची ताटे एकमेकांना लागून सूक्ष्म किणकिणताना सापडली. ताटांमागे एक जुने फडके कोंबले आणि ‘बेस फाटतो’ ही त्या घरची दोन वर्षांची तक्रार मिटली. लोखंडी कपाटाचे दार, तसबिरीची काच, खिडकीची सैल कडी, पंख्याची वाटी, हे सगळे आधी गच्च करा. ते वाजत असताना सबवूफर आणला, तर त्यांचा आवाज तुम्ही सबवूफरचा दोष समजाल.

पाचवी पायरी: वीज आणि अर्थिंग

आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे, आणि सबवूफरचे सगळे आयुष्य याच्याच आजूबाजूच्या सुरांत जाते. लहान स्पीकरांतून जी गुणगुण कधी ऐकू आली नाही, ती सबवूफर जोडताच खोलीभर होते. माझा पहिला सबवूफर मी आणला तेव्हा पहिल्या रात्रीच अशी गुणगुण सुरू झाली, आणि तो सदोष आहे असे समजून मी तो दुकानात परत नेला. तिथे तो शांत वाजला. दोष माझ्या घरातल्या जोडणीत होता. अ‍ॅम्प्लिफायर एका भिंतीच्या सॉकेटवर आणि सबवूफर समोरच्या भिंतीच्या सॉकेटवर, दोन्ही सॉकेटांचे अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी गेलेले, आणि मधल्या सिग्नलच्या तारेने त्या दोन वाटा जुळून एक फेरा पूर्ण झालेला. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर आणल्याबरोबर गुणगुण थांबली.

म्हणून सबवूफर जिथे ठेवायचा तिथपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरच्याच बोर्डावरून तार नेता येईल का, ते आधी पाहा. घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि जमीन वाळली की अर्थिंग कमकुवत होते. त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतण्याची आपल्याकडची जुनी सवय योग्यच आहे. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो कधीही मानू नका. त्यात जीव जाऊ शकतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकणार असाल तर तो साइन वेव्ह प्रकारचा असावा, कारण स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर असलेली उपकरणे घरघरतात.

सहावी पायरी: जोडायची सोय

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘सब आउट’ किंवा ‘प्री आउट’ असे छिद्र असेल तर काम सोपे आहे. नसेल, तर ज्या सबवूफरला ‘हाय लेव्हल’ किंवा ‘स्पीकर लेव्हल’ इनपुट असते तो स्पीकरच्याच तारांवरून सिग्नल घेतो. मात्र काही अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचे असतात, म्हणजे त्यांच्या काळ्या टोकावरही सिग्नल असतो, आणि त्यांच्या काळ्या टोकाला सबवूफरची सामायिक ऋण तार जोडल्यास अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. दोन्हींचे माहितीपुस्तक वाचल्याशिवाय ही जोडणी करू नका. बहुतेक स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर मुख्य स्पीकरांकडे जाणारा खर्ज थांबवत नाहीत. त्यामुळे सबवूफर आल्यावरही लहान स्पीकर तळाशी झटतच राहतात, आणि ‘सबवूफर आला की स्पीकरांचे ओझे हलके होते’ हे वाक्य ज्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तशी विभागणी आहे तिथेच खरे ठरते.

सातवी पायरी: शेजार

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण खर्जाच्या बाबतीत आकड्यावर विसंबू नका. हे मोजमाप ज्या ‘ए’ मापनपट्टीवर होते ती ५० हर्ट्झच्या आवाजातले सुमारे ३० डेसिबल वजा करूनच दाखवते. फोनवरचे मापक शांत आकडा दाखवते आणि सामायिक भिंतीपलीकडच्या आजींना मात्र उशीत धडधड जाणवते. सदनिकेत किंवा चाळीत राहत असाल तर मित्राला शेजारच्या घरात उभे करून तुमच्या नेहमीच्या आवाजात एक गाणे वाजवून घ्या आणि शेजाऱ्यांनाच विचारा. त्यांना त्रास होणार असेल तर हा विचार इथेच थांबवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

आठवी पायरी: निर्णय

गाणी खाली उतरतात, स्पीकर तिथे पोचत नाहीत, बैठक आणि स्पीकर हलवूनही उणीव राहिली, घरातले खुळखुळाट बंद झाले, वीज ठीक आहे आणि शेजाऱ्यांची हरकत नाही, एवढे सगळे जुळले तर सबवूफर अवश्य घ्या. मुख्य स्पीकरच फार साधे असतील, तर तेच पैसे आधी त्यांच्यावर खर्च करा, कारण दिवसभरातले नव्वद टक्के ऐकणे त्यांच्यातूनच होणार आहे. घेण्याआधी आठ दिवसांसाठी कुणाचा तरी मागून आणा. दुकानातल्या खोलीत ऐकलेला सबवूफर तुमच्या खोलीविषयी काहीच सांगत नाही.

संगीतासाठी आणि लहान खोलीसाठी मी बंद पेटीचा, आठ किंवा दहा इंची सबवूफर सुचवतो. छिद्राची पेटी तेवढ्याच विजेत अधिक मोठा आवाज देते आणि चित्रपटांना शोभते, पण तिचा आवाज तिच्या ठराविक सुराखाली झपाट्याने कोसळतो. बंद पेटीचा आवाज हळूहळू उतरतो, आणि भिंतीजवळ ठेवल्यावर खोली त्याची बरीच भरपाई करते.

नववी पायरी: आणल्यावर जुळवणी

सबवूफर आधी तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेस गिटारच्या चढत्या-उतरत्या सुरांचे गाणे लावा, आणि भिंतींच्या कडेने कान जमिनीलगत ठेवून रांगत फिरा. जिथे प्रत्येक सूर सारख्या वजनाने ऐकू येतो ती सबवूफरची जागा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो, पण मोठा म्हणजे समतोल नव्हे.

क्रॉसओव्हरचा, म्हणजे सबवूफरने कोणत्या सुरापर्यंत वाजायचे ते ठरवणारा, नॉब तुमचे स्पीकर जिथे थकतात तिथे आणा: पाच इंची स्पीकरांना ६० ते ८०, मोठ्यांना ४० ते ५०. घरगुती चित्रपट-संचांसाठी टीएचएक्स या ध्वनि-प्रमाणनाने ठरवलेला ८० हर्ट्झचा आकडा सुरुवातीला चालतो. ८०च्या फार वर गेलात तर आवाज पेटीतून येतो आहे हे कानाला कळू लागते. मग फेजचे बटण, म्हणजे सबवूफरचा पडदा स्पीकरांच्या बरोबरीने हलावा की उलट ते ठरवणारे, शून्य आणि १८० या दोन्ही स्थितींत दाबून पाहा, आणि ज्या स्थितीत बैठकीवर क्रॉसओव्हरच्या आसपासचा सूर भरदार येतो ती ठेवा. आवाजाचा नॉब शून्यापासून वर न्या, सबवूफर वाजतो आहे असे जाणवले की तिथून थोडा मागे घ्या. तो नीट जुळला आहे का हे पाहायला गाणे चालू असताना त्याची वीज बंद करा: बंद केल्यावर खोली लहान झाल्यासारखी वाटली पाहिजे, आणि चालू असताना तो कुठे ठेवला आहे हे डोळे मिटून सांगता येऊ नये.

परभणीच्या स्नेह्यांनी त्या वेळी सबवूफर घेतला नाही. दोन वर्षांनी ते नव्या घरात गेले, तिथला हॉल अठरा फुटांचा, आणि तोवर मुलाच्या आवडीची गाणीही यादीत आली होती. तेव्हा त्यांनी दहा इंची बंद पेटी घेतली. रांगून शोधलेली जागा देवघराच्या दाराशेजारी निघाली. पहिल्या आठवड्यात नॉब जिथे होता तिथे त्यांनी बारीक कागदी पट्टी चिकटवून पेन्सिलीने खूण केली, म्हणजे झाडता-पुसताना हलला तरी परत लावता यावा. महिन्याने मी गेलो तेव्हा त्या खुणेच्या खाली दोन नव्या खुणा होत्या आणि नॉब सर्वांत खालच्या खुणेवर होता.